नऊ नंबरचं लेबल

४ मार्च

दादा,

सप्रेम वगैरे शब्द मी गाळले आहेत. तुला त्यांची गरज नाही आणि मला खोटं लिहायची सवय नाही.

कागदावर लिहिते आहे, कारण माझी ईमेल तुझ्याकडे थेट कचऱ्यात जाईल अशी सोय तू करून ठेवली आहेस, असं आईकडून कळलं. तीन वर्षांत तू केलेलं हे एकमेव नीटनेटकं काम असावं.

आई परवा न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हाड मोडलेलं नाही, कोपर काळंनिळं झालं आहे. रक्तदाबाची नवी गोळी डॉक्टरांनी अर्धी घ्यायला सांगितली होती. आईला आता छापलेलं अजिबात दिसत नाही, म्हणून मी ती यादी तिच्या कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवली: अर्धी गोळी सकाळी. तीनदा तपासली. वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ती ओळ कशी वाचतो, सांगते: "गोळी, गोळी सकाळी." आईने तीन दिवस अख्खी गोळी घेतली.

"अगं, मला वाटलं ते जोर देऊन सांगतंय," ती म्हणाली.

कारण शोधायला मला दीड दिवस लागला. तो प्रोग्रॅम वाक्यातले शब्द सुटे करायला तुझ्या कंपायलरचा एक भाग वापरतो. पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते; लहानपणापासून तुला सगळं दोनदा सांगावं लागलं आहे. तुझा कंपायलर म्हणजे एक अगडबंब गोळा होता. ज्याला त्यातला चिमूटभर भाग हवा असेल त्याने अख्खा गोळा पोटात घेऊन हिंडायचं. मी त्याचे तीन भाग केले: शब्द सुटे करणारा, कोड सुधारणारा आणि यंत्राच्या भाषेत उतरवणारा. तिन्ही शेअर्ड लायब्ररी म्हणून, आमचं ऑफिस बनवतं त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठेवले. एकच प्रत, सगळ्यांनी वापरायची. आज नुसता पहिला भाग एकशे चौदा प्रोग्रॅम वापरतात. लायब्ररीच्या नावात एक नंबर असतो आणि आतली रचना बदलली की तो बदलायचा असतो. मग जुन्या रचनेवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला हात लावत नाही. "सापडत नाही" म्हणतो आणि थांबतो. थांबलेला प्रोग्रॅम कुणाला न्हाणीघरात पाडत नाही.

तू जानेवारीत शब्दाच्या नोंदीतले दोन रकाने उलटे केलेस. आधी सुरुवात आणि मग लांबी असं होतं, ते आधी लांबी आणि मग सुरुवात झालं. लायब्ररी मात्र अजून नऊ नंबरचीच आहे. आईचा प्रोग्रॅम लांबीला सुरुवात समजतो, पहिला शब्द गिळतो आणि पुढचे तोतरं बोलतो.

नंबरचा हा नियम आपण कॉलेजात शिकलो नाही. औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बाबांनी शिकवला. मी शाळेत जायच्या आधी अक्षरं गिरवली ती लेबलांवर. बाटलीतलं बदललं की आधी लेबल बदलायचं, मग बूच लावायचं. तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा खोकल्याच्या बाटलीत पोटाचं औषध भरलंस आणि लेबल तसंच राहू दिलंस. बाबांनी तुला एक थोबाडीत दिली. मग भर दुपारी दुकान बंद केलं, तुला दंडाला धरून त्या गिऱ्हाइकाच्या दारात नेलं आणि काय केलंस ते तुझ्याच तोंडून वदवून घेतलं. त्यांची पद्धतच ती होती. चूक ज्याची, दारात तो. मी पायरीवर बसून बघत होते. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही.

आता तू छत्तीस वर्षांचा आहेस आणि अजून तेच करतो आहेस.

अठरा तारखेला बैठक आहे. मुकादम, म्हणजे नवी आवृत्ती ठरल्या दिवशी बाहेर पडते की नाही ते बघणारे आमचे साहेब (नाव तूच ठेवलं होतंस, ते एवढं चिकटलंय की त्यांची बायकोही तसंच म्हणते), माझ्या तक्रारीवरून ठराव मांडणार आहेत. तुझी चावी, म्हणजे बदल पाठवायचा अधिकार, काढून घ्यायचा आणि तुझा कंपायलर सिस्टिममधून बाहेर काढायचा. अकरा वर्षांचं काम आहे, मला ठाऊक आहे. त्याखेरीज तुझ्याकडे दुसरं काही नाही, हेही ठाऊक आहे. खुलासा करायचा असला तर सतरापर्यंत कर.

तुझी बहीण (नात्यापुरती)


९ मार्च

दादा,

उत्तर नाही. मी वाट बघत होते असं समजू नकोस. टपालाची पेटी मी तशीही रोज दोनदा उघडते, गॅसचं बटण तीनदा बघते तशीच.

ऑफिसात तुझा विषय चघळला जातो आहे. ज्यांना कंपायलर आणि कपाट यांतला फरक सांगता येणार नाही ते लोकही तुझ्याबद्दल मत देत आहेत. काल मुकादमांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीतली खुर्ची अजून डुगडुगते, आणि पायाखाली घातलेली पुठ्ठ्याची घडीही तुझीच आहे.

"भाऊ आहे म्हणून ऐन वेळी सांभाळून घेणार असाल तर आत्ताच सांगा," ते म्हणाले.

"तक्रार मीच केली आहे, साहेब."

"म्हणून तर विचारतोय. घरची माणसं आधी ओरडतात आणि मग रडतात."

मी म्हटलं, मी रडणार नाही. ते खरं आहे.

मग चाळणी आली. तू गेल्यानंतर लागली ती, तपासणी विभागात आहे. तिच्या हातून काही सुटत नाही म्हणून हे नाव. माझ्या टेबलावर कोपर टेकून उभी राहिली, जे मला आवडत नाही हे तिला माहीत आहे.

"त्यांनी नंबर बदललाच नव्हता का गं?"

"पॅकेजमध्ये नऊच आहे."

"ते मी बघितलं. मी त्यांच्याकडचं विचारतेय."

"त्याच्या मूळ कोडला आपण आपल्या बदलांची सतरा ठिगळं लावतो आणि मग पॅकेज बांधतो. मूळ कोड उकरून बघायला वेळ कुणाला आहे?"

"तुला," ती म्हणाली. "तुला नेहमी असतो."

आगाऊ आहे. तुझं आणि तिचं जमलं असतं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीबद्दल आईने काल पुन्हा विचारलं. तू कंपायलर फोडायला विरोध केलास, म्हणालास की तुकडे करशील तर प्रत्येक तुकड्याला जन्मभर जबाबदार राहावं लागेल आणि ते तुला झेपणार नाही. "तपासनीसबाई, तुला झेपणार नाही," असंच. वीस जण हसले. मग मी काय म्हणाले ते आईला मी कधीच सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. मी म्हणाले होते, "बाबांनी तुला पुन्हा दुकानात बाटलीला हात लावू दिला नाही, ते उगाच नाही."

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात लावू दिला होता गं. दुसऱ्याच दिवशी. तू शाळेत होतीस."

हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. तूही त्या बैठकीत सांगू शकला असतास. उठून, खुर्ची सरळ करून, दार न आपटता निघून जाण्यापेक्षा ते सोपं होतं. पण तुला रुबाब हवा असतो.

खुलासा पाठव. आठ दिवस उरले आहेत.


१३ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. "लेबल बघ. आईचं कोपर कसं आहे?"

एवढंच. त्यासाठी तू पाकीट घेतलंस, पत्ता लिहिलास, तिकीट लावलंस, तेही वाकडं. अकरा वर्षांचं काम पणाला लागलं आहे आणि हा माणूस सहा शब्द लिहितो. एखाद्याला वाटेल तू साधू झालास. मी तुला ओळखते. तू आळशी आहेस.

कोपर पिवळं पडलं आहे, म्हणजे बरं होत आहे.

यंत्र बिघडल्यापासून मीच आईला वाचून दाखवते. रविवारी दुपारी ती म्हणाली, "वर्तमानपत्र पुरे. तुझ्या कामाचं वाच. तो लेबल म्हणतोय ते कुठे असतं?"

"पॅकेज, म्हणजे यंत्रावर घालायचा तयार गठ्ठा, बांधायच्या कृतीत असतं. आई, सतरा ठिगळं आहेत, कंटाळशील."

"तुझे बाबा मला औषधांचा साठा वाचून दाखवायचे. मी कंटाळणारी बाई नाही."

मी वाचत गेले. प्रत्येक ठिगळावर कुणी लावलं, कधी लावलं, कशासाठी लावलं हे लिहिलेलं असतं. तो नियमही मीच आणला. पहिलं, कागदपत्रांची जागा बदलणारं. दुसरं, जुन्या प्रोसेसरसाठी. सहावं तुझंच, मला उद्देशून लिहिलेल्या एका टोमण्यासकट. तो मी वाचला नाही. आईने डोळे मिटले होते आणि मांडीवर मोजत एकेक बोट दुमडत होती. सोळा वाचून झाली तेव्हा मी चहा ठेवायला उठले.

त्यात तुझी बाजू घेईल असं काही निघालं नाही.

चार दिवस.


१६ मार्च

दादा,

सोळा वाचली. सतरावं मी वाचलं नाही.

ते वाक्य लिहून झाल्यावर मी उठून हात धुऊन आले. आता सरळ लिहिते.

सतरावं ठिगळ माझं आहे. तारीख २६ जानेवारी. ते एका ओळीचं आहे. तू लायब्ररीला जो काही नंबर दिला असशील तो पुसून तिथे नऊ लिहायचं, एवढंच ते करतं. पुढे माझं नाव आहे, आणि कारणाच्या जागी लिहिलं आहे: "या आवृत्तीपुरतं."

तू नंबर दहा केला होतास. बारा जानेवारीला, रकाने उलटे केलेस त्याच दिवशी. मला तेव्हाच दिसलं होतं. दहा म्हणजे एकशे चौदा प्रोग्रॅम पुन्हा बांधायचे. यंत्रांना चार दिवस, आणि त्यातले काही बांधताना मोडणार, म्हणजे आणखी आठवडा. मी मुकादमांना लेखी कळवलं होतं की आवृत्ती निघेपर्यंत माझ्या बाजूने पुन्हा बांधणी होणार नाही. त्यांच्यासमोर जाऊन "चुकलं, होणार आहे" म्हणायची मला भीती वाटली. चार दिवस मी ते वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. तुला हसू येईल. येऊ दे.

मग मी तपासलं, कारण मी तपासतेच. जुन्या आणि नव्या लायब्ररीतली बाहेरून हाक मारता येणारी सगळी नावं काढली, दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि तीनदा जुळवल्या. एकही नाव गळलेलं नव्हतं. म्हटलं, दादाने उगाच बाऊ केला आहे, नंबर वाढवायची हौस. नावं तीच होती. नावाच्या आतल्या रकान्यांचा क्रम नावांच्या यादीत दिसत नाही. हे मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते.

मी बाटलीवरचं नवं लेबल पाहिलं आणि स्वतःच्या हाताने जुनं लेबल वर चिकटवलं. मग आईच्या यंत्रावर ते पॅकेज मीच घातलं. आई पडली. मग मी तुझ्यावर तक्रार लिहिली.

तू म्हणशील, तक्रार लिहिताना तुला माहीत होतं का? पहिल्या पत्राच्या वेळी सतरावं ठिगळ मला आठवत नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकते. आणि आठवू नये म्हणून मी मूळ कोडमधली नंबरची ओळ बघितली नाही, हेही शपथेवर सांगावं लागेल. चाळणीने विचारलं तेव्हा "पॅकेजमध्ये नऊच आहे" हे माझं उत्तर शब्दशः खरं होतं. असली खरी उत्तरं देणाऱ्या माणसांचा मला नेहमी तिटकारा आला आहे.

रविवारी चहा घेऊन आले तेव्हा आई म्हणाली, "सोळा झाली."

"हो."

"माझी बोटं दुमडून झाली, एकदा दहा आणि वर सहा. सतरा म्हणाली होतीस."

"शेवटचं किरकोळ आहे."

"मग वाच की. किरकोळ आहे तर."

मी वाचलं नाही. कप तिच्या हातात दिला आणि तो नीट धरला आहे ना ते दोनदा बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला दिसत नाही, पण मी कुठे बघते आहे ते तिला समजतं.

आज काय करता येईल ते सांगते, कारण मी त्याचाही नीट विचार केला आहे. सतरावं ठिगळ गुपचूप काढायचं, नोंदीत "किरकोळ सुधारणा" लिहायचं, सगळं पुन्हा बांधायचं. आईचं यंत्र सुधारेल. परवा ठराव पास होईल. तुझ्या हातून कंपायलर जाईल आणि तू भांडणार नाहीस, कारण तू दार न आपटता जाणारा आहेस. तुला हे सगळं माहीत असूनही तू फक्त "लेबल बघ" लिहिलंस. मुकादमांना एक ओळ पाठवली असतीस तर मी त्याच दिवशी उघडी पडले असते. ती तू पाठवली नाहीस. त्याबद्दल मला तुझा इतका राग आला आहे की अक्षर बिघडतं आहे.

आणि हे: फोडायला तुझा विरोध होता, पण फोडल्यानंतर तू दहा वेळा नंबर बदललास. दर वेळी, न चुकता, न सांगता. जो नियम मी भांडून आणला तो तू पाळलास आणि मी मोडला. तुला एकदा थोबाडीत बसली. मला कधी बसलीच नाही. मी पायरीवर बसून दुसऱ्याची चूक बघायला शिकले.


१९ मार्च

दादा,

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते, कारण तुझ्यापर्यंत कुणीतरी ते मीठमसाला लावून पोचवेल.

मुकादमांनी ठराव वाचायला घेतला. मी उभी राहिले. मी उभं राहायची गरज नव्हती, तिथे सगळे बसूनच बोलतात. टेबलाची कड धरली. म्हटलं, "नंबर त्याने बदलला होता. मी तो पुसला. सतरावं ठिगळ पडद्यावर लावा."

लावलं. एक ओळ. माझं नाव चांगलं मोठं दिसत होतं.

मुकादमांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तक्रार करणाऱ्या तुम्ही आणि केलेलंही तुम्हीच?"

"हो, साहेब."

"बरी सोय आहे. एकच खुर्ची लागते."

हशा पिकला. तेच वीस जण. त्यांना हसायला काहीही पुरतं. तीन वर्षांपूर्वी माझ्यावर हसले, काल माझ्यावरच हसले, मध्ये तुझ्यावर हसले असतील. चाळणी हसली नाही. तिने विचारलं, "हे तुला कधी कळलं?" मी म्हणाले, "कळून घ्यायचं मी कधी ठरवलं ते विचार." तिने वहीत काहीतरी लिहिलं.

"आणि भावाचं काय?" मुकादम म्हणाले.

"त्याने बारा जानेवारीला नंबर दहा केला आणि कारण लिहिलं. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण लिहिलं आहे."

तुझी चावी तुझ्याकडेच राहिली. कंपायलरही आत राहिला. माझी चावी वर्षभरासाठी काढून घेतली. आता माझं प्रत्येक पॅकेज चाळणीच्या सहीने जाईल, आणि ती माझ्या टेबलावर कोपर टेकून सही करेल. आवृत्ती अकरा दिवस लांबली. नोंद चाळणीच्या डोळ्यांदेखत मीच लिहिली, ती अशी:

"ठिगळ १७ काढलं. लायब्ररीचा नंबर मूळ लेखकाने दिल्याप्रमाणे १०. आधीचा ९ चुकीचा होता आणि तो पॅकेज बांधणारीने जाणूनबुजून ठेवला होता. मूळ लेखकाची चूक नाही. एकशे चौदा प्रोग्रॅम पुन्हा बांधायला घातले आहेत."

"जाणूनबुजून काढ," चाळणी म्हणाली. "एवढं कशाला?"

मी ठेवलं.

घरी येऊन आईला सतरावं ठिगळ वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "त्याच्या दारात गेलीस का?"

"बैठकीत सांगितलं ना, सगळ्यांसमोर."

"सगळे काय गिऱ्हाईक होते का?"

वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आज सकाळी नव्याने बांधून झाला. मी आईच्या यंत्रावर घातला आणि यादी उघडून दिली. तो म्हणाला, "अर्धी गोळी सकाळी." आईने तेच बटण पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. ही खोड माझी आहे. तिच्यातून माझ्यात आली असावी, हे मला आज कळलं.

तुझ्याबद्दलचं माझं मत फार बदललेलं नाही. तुझ्या कोडमधल्या टिपा गलिच्छ आहेत. रकाने उलटे करायला तू दिलेलं कारण मी वाचलं, ते तकलादू आहे. सहाव्या ठिगळातला टोमणा काढून टाक. आणि गप्प बसणं म्हणजे मोठेपणा नव्हे, हे तुला एकदा कुणीतरी तोंडावर सांगायला हवं.

शनिवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे; तीनदा तपासलं. अकरापर्यंत तुझ्या दारात असेन. घंटा एकदाच वाजवीन. दार उघडायलाच हवं असं नाही, बाबांनाही स्वतःच्या चुकीसाठी काही घरांच्या बंद दाराशी बोलावं लागलं होतं. मी बाहेर उभी राहून काय केलं ते पहिल्यापासून सांगेन, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी. आत घ्यायचं की नाही, ते सांगून झाल्यावर तू ठरव.

तपासनीसबाई